या वेळी पुढची फोड तुझी

हमिदा, गेल्या शुक्रवारी तुझी रुबीना आली होती. हातात पुढची फोड, तुझ्या जांभळ्या ब्लाउजपिसाच्या तुकड्याचं कव्हर घातलेली. म्हणाली, "मावशी, अम्मीच्या उशाशी होती. तुमचीच ना?" मी म्हटलं, "माझी नव्हे गं, आमची." मग दोघी स्वयंपाकघरात गेलो आणि चहा ठेवला, कारण दुसरं काय करावं ते दोघींनाही सुचेना. इंग्रजी कादंबऱ्यांत कोणी मेलं की ते लोक आधी चहाचं आधण ठेवतात, यावर तू किती हसायचीस! "मय्यत घरात नि यांची किटली चुलीवर!" आता मीही तेच केलं. हस, हस.

फोड म्हणजे काय, हे आपल्या जिन्याबाहेर कोणाला कळायचं नाही. तेव्हा तू जरा दम धर, वाचणाऱ्यांना सांगून घेते.

आम्ही दोघी समोरासमोरच्या दारांतल्या शेजारणी. दोघींत मिळून एक इंग्रजी कादंबरी घ्यायचो. घरी आणून ती पोळपाटावर ठेवायची, मधल्या एखाद्या प्रकरणाच्या सुरुवातीला उघडायची आणि आमच्या ह्यांच्या दाढीच्या पात्याने पाठीतून सरळ दोन फोडी करायच्या, कैरीच्या करतात तशा. हमिदाच्या शिवणमशीनखाली कापडाचे तुकडे पडलेलेच असायचे, त्यांची दोन कव्हरं. पुढची फोड माझी, मागची तिची. वाचून झालं की जिन्यात अदलाबदल. पुस्तक एक आणि धीर दोघींनाही नाही, मग करणार काय? दोन्ही फोडी वाचून झाल्या की हमिदा त्या जाड दोऱ्याने परत शिवायची आणि दुकानदार ते पुस्तक घेऊन, वर थोडे पैसे घेऊन, दुसरं द्यायचा. कोणी म्हणेल, पुस्तकाला सुरी लावता? लावतो. आंबा देवापुढे ठेवून नुसता बघत बसता का तुम्ही?

झालं सांगून. आता तू आणि मी.

तेव्हा वाशी म्हणजे काय होतं गं? चार सेक्टर उभे राहिलेले, मधे नुसती मोकळी पटांगणं, खाडीकडून येणारा खारट वारा आणि दिवेलागणीला डासांची फौज. आपल्या सोसायटीच्या भिंतींचा चुना अजून हाताला लागायचा. आमचे हे सकाळी बसने पूल ओलांडून कचेरीत जायचे ते संध्याकाळी यायचे. तुझे करीमभाई तर जहाजावर, सहा-सहा महिने दिसायचे नाहीत. मुलं शाळेत. दुपार म्हणजे अख्खी आपली.

आणि बाजाराच्या टोकाला ते हसमुखभाईंचं दुकान. पुढे वह्या, गाइडं, कंपासपेट्या. मागे मात्र एक आख्खी भिंत इंग्रजी कादंबऱ्यांची, फोर्टातनं ओझ्याने आणलेल्या, जहाजावरच्या लोकांनी वाचून टाकलेल्या. वाशीत त्या भिंतीसारखी दुसरी भिंत नव्हती. मी थोरल्याची कंपासपेटी घ्यायला गेले की त्या भिंतीपुढे उगीच रेंगाळायचे. मी सातवी पास, तीही महाडजवळच्या आमच्या खेड्यातल्या शाळेत, मराठीतून. इंग्रजी उचललं ते मुलांना अभ्यासाला बसवता बसवता, त्यांच्याच क्रमिक पुस्तकांतून. त्या पुस्तकांकडे बघून मला भूक लागल्यासारखं व्हायचं, पण हात पुढे होत नसे. वाटायचं, कोणी विचारलं तर काय सांगू?

तिथे तू दिसलीस. समोरच्या दारातली नवी शेजारीण, एवढीच ओळख. पुस्तक मागच्या बाजूने उघडून, डोळ्यांजवळ धरून वाचत उभी. मी बघत राहिले ते तुला कळलं.

"काय गो, अशी काय बघतेस?"

"नाही, म्हटलं उर्दूसारखं मागनं वाचता का काय तुम्ही."

"उर्दू माज्या नवऱ्याला येते, मना नाय. मी शेवट बघतेय. बाई उभी हाय का ते."

"कुठे उभी?"

"शेवटच्या पानावर. मेली असेल, नायतर कुनाच्या गळ्यात पडून रडत असेल, तर ते पुस्तक नको. उभी पायजे. दारात, बंदरावर, शेतात, कुठं पन. तिच्या पायावर."

तेवढ्यात हसमुखभाई धावत आले. त्यांनी फळ्यांना पाट्या लावल्या होत्या, लेडीज आणि जेंट्स. "बेन, वो जेंट्स का है, उसमें खूनखराबा है. लेडीज का इधर देखो, गुलाब का फूलवाला."

तू वळलीससुद्धा नाहीस. "हसमुखभाई, ये दुकान है के बस है? सीट रिझर्व किया क्या?"

आणि माझ्या हातात ते खूनखराब्याचं पुस्तक देऊन म्हणालीस, "हे घेऊ या दोघींत. बाई उभी हाय, कोर्टाच्या पायरीवर." मी घेतलं. कोणी विचारलं तर काय सांगू, ही काळजी त्या दिवशी गेली ती गेली. पुढे कोणी बाई दुकानात म्हणायची, "मुलांसाठी वाटतं?" तर मी सांगायची, "नाही हो, मुलांचा अभ्यास असतो. आम्हाला." मी जी काही शिकले ती त्या भिंतीसमोर उभ्या उभ्या शिकले, हे मी कोणालाही छाती ठोकून सांगेन.

माझी निवडायची रीत मात्र तुझ्या उलट. मी पहिलं पान वाचायची. पहिल्या पानात घर दिसलं, वास आला, कोणीतरी काम करताना दिसलं, तर घ्यायचं. नुसतं आभाळाचं वर्णन असलं तर ठेवून द्यायचं. शब्द अडले तर अडू देत, पुढे कधीतरी दुसऱ्या पुस्तकात तोच शब्द भेटतो आणि आपण होऊन ओळख सांगतो. पण शेवट आधी बघायचा? छे! यावरून आपण किती भांडलो. हसमुखभाई वजनकाट्यासारखे एकदा तुझ्याकडे, एकदा माझ्याकडे मान झुकवायचे.

"म्हणजे लग्नाला जाऊन आधी पंगतीतलं गोड खायचं आणि मग अक्षता टाकायच्या, असं तुझं," मी म्हणायची.

"आनि तुजं? घर न बघता पोरगी देतेस तू!"

 

मग एका दुपारी, तू मशीन चालवत होतीस आणि मी हुक लावत होते, तेव्हा तू आपण होऊन सांगितलंस. मशीनचा पाय न थांबवता. "माजा थोरला भाऊ जहाजावर गेला. एक पत्र आलं, मग नाय. बुडाला म्हनावं तर कुनी बघितला नाय. दुसरीकडं संसार केला म्हनावं तर कुनी सांगितलं नाय. माजी अम्मी मरेपर्यंत त्याचा वाटा काढून ठेवायची, माशाचा सुद्धा. घरात एक गोष्ट बिनशेवटाची हाय, सुलू. दुसरी मना नको."

त्यानंतरही मी भांडले, नाही असं नाही. भांडणं थांबवली असती तर तुला दया वाटली असती ती, आणि दया तुला कधी खपली? पण तू शेल्फपुढे मागचं पान उघडलंस की मी गप्प उभी राहायची आणि तुझी मान हलायची वाट बघायची.

त्या दोन पुस्तकांची गंमत आठवते का? दोन्हीचा रंग हिरवा, जाडी सारखी, आणि तू शिवताना बाहेर मटारवाला ओरडत होता. खुनाच्या कादंबरीची पुढची फोड आणि द्राक्षाच्या मळ्यातल्या प्रेमप्रकरणाची मागची फोड, घट्ट शिवून आपण ऐटीत परत दिली. समोरच्या इमारतीतले कर्णिककाका, नुकतेच रिटायर झालेले, त्यांनी नेमकी तीच नेली. आपण दुकानात असतानाच आले तणतणत.

"हसमुखभाई, हे काय पुस्तक आहे? पहिल्या पानावर खून. इन्स्पेक्टर येतो, ठसे घेतो, सगळं व्यवस्थित. आणि मधनंच सगळे द्राक्षं तोडायला लागतात! इन्स्पेक्टरचा पत्ता नाही! खून केला कोणी?"

हसमुखभाईंनी दोऱ्याची शिवण बघितली. मग आपल्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. तू मात्र पदर सारखा करून म्हणालीस, "काका, खुनी नाय सापडला. पन शेवटी लगीन झालं ना?"

"झालं."

"मग! इन्स्पेक्टरनं येऊन काय वेगळं केलं असतं?"

काका असे हसायला लागले की त्यांचा चष्मा घसरला. वर म्हणाले, "मग याचं जुळं भावंडही असेल ना? द्राक्षांची सुरुवात आणि इन्स्पेक्टरचा शेवट? तेही द्या." आणि खरंच, ते त्यांना पहिल्यापेक्षा आवडलं. माळ्याला पकडून नेलं ते बरंच झालं म्हणाले, पहिल्यापासून त्याची नजर चांगली नव्हती. कित्येक वर्षं सोसायटीच्या मीटिंगमध्ये भेटले की विचारायचे, "काय, नवीन जोडणी काय आहे?"

हे असं सगळं. यातलं काय सांगू आणि काय नको?

तुझं पोटाचं दुखणं निघालं आणि औषधांच्या बाटल्यांनी तुझ्या मशीनवरची जागा घेतली. थंडी सरता सरता एक दिवस तू म्हणालीस, "चल दुकानात." रिक्षाने गेलो. आता तिथे पुढे व्हिडिओ कॅसेटी लागल्यात, आपली भिंत आकसून दोन फळ्यांवर आलीय. लेडीज-जेंट्सच्या पाट्या तर तूच कधीच्या काढायला लावल्या होत्यास. हसमुखभाईंनी स्टूल पुढे केलं. तू बसलीस. त्या भिंतीपुढे तू बसलेली मी पहिल्यांदा बघितली.

"आज तू बघ," म्हणालीस.

मी एकेक काढून पहिलं पान वाचत गेले. एकात नुसतं आभाळ. एकात मोटारींची शर्यत. मग एक सापडलं. समुद्राकाठचं गाव, पाहुणे उतरतात असं घर, गोठवणारी थंडी, आणि एक बाई दारापुढच्या पायऱ्या घासून धुतेय, धुता धुता मोठ्याने कोणाला तरी बोलतेय. नाव दिलेलं नव्हतं. "हमिदा, घर दिसतंय. साबणाचा वास येतोय. आणि बाई कजाग आहे."

"मग घे."

मी पुस्तक मागच्या बाजूने उघडून तुझ्यापुढे धरलं. तुझा हक्क तो. तू दोन बोटांनी ते मिटवलंस.

"नको."

"बरी आहेस ना?"

"बरी नाय, म्हनून तर नको."

घरी आल्यावर पोळपाटावर फोडी झाल्या. मी सवयीने पुढची उचलली, तर तू हात धरलास. "या वेळी पुढची माजी. मागची तू राख."

आणि मग मी काय केलं माहीत आहे? तू दार लोटल्याबरोबर, जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. मागची फोड उघडली आणि शेवटचं पान वाचलं. म्हटलं, बाई उभी नसेल तर अजून वेळ आहे, काहीतरी सबब सांगून पुस्तक बदलून आणू. पण उभी होती, हमिदा! ॲग्नेस नावाची बाई. त्याच घराच्या खिडक्या एकेक करून उघडते, खाली येते, दारात उभी राहते. रस्त्यावर एक पाहुणा बॅग घेऊन आलेला. त्याला म्हणते, आत या. संपलं. मला इतकं बरं वाटलं की मी एकटीच हसले. ती पायऱ्या धुणारी कजाग बाई पुरून उरली म्हणायची.

पुढच्या आठवड्यात तुझ्या पलंगाशी बसले होते, तर तू माझं तोंड निरखलंस.

"बघितलंस ना शेवटचं पान?"

"मी? मी कशाला बघू?"

"सुलू, तुज्या तोंडावर लिवलंय."

"बरं, बघितलं."

"मना नको सांगू."

माझ्या ओठांवर आलं होतं गं. काळजी करू नकोस, ॲग्नेस उभी आहे दारात, एवढंच सांगायचं होतं. पण तू डोळे मिटलेस आणि माझा हात तसाच धरून ठेवलास, म्हणून मी गप्प बसले. मी, गप्प! आमच्या ह्यांना सांगितलं तर त्यांना खरं वाटेना.

तुला नेलं त्या दिवशी बायका घरातच थांबल्या. तुमच्यातल्याच कबरस्तानात जात नाहीत, मग मी कुठली जाणार? मी जिन्यात उभी राहिले, आपल्या अदलाबदलीच्या पायरीवर. खांदेकरी वळणावरून सावकाश उतरले. करीमभाईंनी माझ्याकडे वर बघितलं आणि मान हलवली. मीही हलवली. आमचं तेवढंच बोलणं झालं.

शुक्रवारी चहा पिता पिता रुबीनाने सांगितलं. "अम्मीने ही दोनदा वाचली, मावशी. मी म्हटलं, मागची आणून देऊ का समोरनं? तर म्हणाली, नको. शेवट सुलूला ठाऊक हाय. घरात कुनाला तरी ठाऊक हाय ना, मग बस."

घरात म्हणालीस ना? रुबीनाला मी दोनदा विचारून घेतलं. घरातच म्हणालीस.

मग मी तुझी फोड उघडली. पहिल्या पानापासून, माझ्या रीतीने. आणि हमिदा, मी कपाळाला हात लावला. पायऱ्या धुणारी ती ॲग्नेस नव्हतीच! ती एडिथ. घर एडिथचं, पाहुणे एडिथचे, अख्खं पुस्तक एडिथचं. आणि ॲग्नेस कोण, तर भिंतीपलीकडची शेजारीण! जिला एडिथ सकाळी सकाळी पायऱ्या धुताना बोलत असते ती. दोघींचं भांडण कशावरून, तर खिडक्यांवरून. एडिथला त्या थंडीतसुद्धा खिडक्या सताड उघड्या हव्यात. ॲग्नेस म्हणते, तुझ्या घरातला वारा माझ्या घरात येतो, बंद कर. पानंच्या पानं त्या भांडतात. आणि त्यातच एकमेकींकडे सूपही पोचवतात.

म्हणजे मी अर्धं पुस्तक हातात धरून भलत्याच बाईच्या जिवावर निर्धास्त झाले होते. पुस्तकाच्या फोडी करणाऱ्यांचंच हे असं होणार! आणि तुझी तर पुढची फोड वाचून झालेली. मी खुशीत "ॲग्नेस उभी आहे" म्हटलं असतं, तर तुला त्याच क्षणी कळलं असतं की दारात एडिथ नाही. मला कळलं नसतं, तुला कळलं असतं. तू मला गप्प केलंस ते बरं केलंस.

की बरं केलं नाहीस? तू असतीस तर म्हणाली असतीस, "मना आधीच अंदाज होता." मी म्हटलं असतं, "तुला अंदाज होता तर मग नको कशाला म्हणालीस?" आणि खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं असतं. हे भांडण मी मिटलं असं धरत नाही. ते तुझ्याकडे राहू दे.

दोन्ही फोडी मी काल शिवल्या, तुझ्याच जाड दोऱ्याने. रुबीनाने मशीनच्या खणातलं रीळ काढून दिलं. माझी शिवण वाकडी झालीय, तुझ्यासारखी सुई जात नाही माझी कागदातनं. पण नीट बघून शिवलंय, कर्णिककाकांना त्रास होणार नाही. हे पुस्तक हसमुखभाईंकडे परत जायचं नाही, तेव्हा तसाही प्रश्न नाही. उद्या मी दुकानात जाणार आहे दुसरं घ्यायला. पहिलं पान वाचेन, आणि मग तुझ्या वाटचं मागचंही उघडेन. दोन माणसांचं काम एकटीने करायचं म्हणजे वेळ लागेल, पण स्टूल नको मला.

तर आता ऐक. तू नको म्हणाली होतीस, पण ते तेव्हा. घरात बिनशेवटाची गोष्ट ठेवायची नाही, हा नियम तुझा, माझा नव्हे.

एडिथ जाते. मागच्या फोडीच्या मध्यावर, हळूच, गाजावाजा न करता. शेवटच्या पानापर्यंत ती उरत नाही. घर महिनाभर बंद असतं. मग एका सकाळी ॲग्नेस किल्ली घेऊन आत शिरते. थंडी तशीच, वारा तसाच. ती वरच्या मजल्यावर जाते आणि जन्मभर ज्या खिडक्यांवरून भांडली त्या एकेक करून उघडते, सगळ्या, सताड. मग खाली येऊन दारात उभी राहते. रस्त्यावर एक पाहुणा बॅग घेऊन आलेला असतो. तो विचारतो, हेच का ते घर? ती म्हणते, हेच. आत या.

आपली बाई नाही ती, हमिदा. शेजारीण आहे. पण बाई आहे आणि उभी आहे, दारात, तिच्या पायावर. आपल्या नियमात बसतं. घेऊ या.